कूलरची ताटी : धुवायची कधी, बदलायची कधी?



मार्च उजाडला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशात माळ्यावरचे कूलर खाली येतात. मागच्या वर्षीच्या ताट्या पांढऱ्या पडलेल्या, कडक झालेल्या दिसतात आणि आपण म्हणतो, "गेल्या या, नव्या आणा." खरं तर यातल्या बऱ्याच ताट्या गेलेल्या नसतात, क्षारांनी बुजलेल्या असतात. बुजलेली ताटी स्वच्छ करता येते. कुजलेली मात्र बदलावीच लागते. हा फरक कळला की पैसे वाचतात आणि मुलांना बाष्पीभवनाचा एक धडा घरातच मिळतो.

ताटी पांढरी का होते?

पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. 30 अंशांच्या आसपास 1 ग्रॅम पाण्याला साधारण 580 कॅलरी लागतात. ही उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. पण वाफ होते ती फक्त पाण्याची. त्यातले क्षार ताटीवर आणि टाकीतच राहतात.

हिशेब करून बघा. समजा 1 लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत आणि दिवसाला 40 लिटर पाणी उडून जातं. म्हणजे रोज 20 ग्रॅम क्षार मागे राहिले. 60 दिवसांत झाले 1200 ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास! बोअरचं पाणी जड असेल तर आणखी जास्त. हे क्षार ताटीची छिद्रं बुजवतात, हवा कमी येते, पाणी सगळीकडे पसरत नाही. मग आपण म्हणतो, कूलर गार हवा देत नाही.

धुण्याआधी

कूलरचा प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा तो साफ करताना शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. मुलांना हे आधी सांगा आणि प्लग स्वतः काढा.

हनीकोंब ताटी (मधाच्या पोळ्यासारखी)

1. ताटी सुकू द्या, मग मऊ ब्रशने धूळ झाडा.
2. आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने पाणी सोडा. जोराचा फवारा नको, कागदाचे थर सुटतात.
3. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन-चार भाग पाणी करून त्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. व्हिनेगर नसेल तर लिटरला एक-दोन चमचे लिंबूसत्त्व चालेल.
4. दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्याने पत्रा आणि पंप खराब होतो. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

लाकडी गवताची ताटी

ही स्वस्त, पण आयुष्य कमी. हंगामाच्या मध्यात झटकून, पाण्याखाली धुऊन, खाली बसलेलं गवत पुन्हा सारखं पसरवलं की तोच हंगाम निघतो. पुढच्या वर्षी बहुतेक वेळा नवीनच भरावं लागतं.

बदलायची कधी?

धुतल्यावरही कुबट वास येत असेल, थर सुटत किंवा चुरत असतील, पाणी सोडल्यावर मध्येच कोरडे पट्टे राहत असतील, तर काटकसर करू नका. बुरशी लागलेल्या ताटीतून येणारी हवा रात्रभर मुलांच्या नाकातोंडात जाते. दम्याचं मूल असेल तर अजिबात थांबू नका.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी

नुसतं वरून पाणी भरत राहिलं की क्षार वाढतच जातात. आठवड्याला टाकी रिकामी केली तर ताटी जास्त टिकते. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असतानाही तग धरतात, म्हणून भिंती घासा. काढलेलं पाणी संडासात वापरता येईल. अळ्या दिसल्या तर कोरड्या मातीवर ओता.

परदेशात नातेवाईक असतील तर त्यांनाही सांगा. थंडीत तिकडे वापरतात त्या ह्युमिडिफायरमधला पाणी शोषणारा फिल्टर याच तत्त्वावर चालतो. तोही क्षारांनीच बुजतो आणि बहुतेक वेळा व्हिनेगरच्या पाण्याने साफ होतो. फक्त सोबतचं माहितीपत्रक आधी वाचावं.

वर्गासाठी कृती (इयत्ता 7 वी ते 10 वी)

- दोन स्टीलच्या ताटल्यांत प्रत्येकी चार चमचे पाणी घ्या, एकात बोअरचं आणि दुसऱ्यात आरओचं. उन्हात सुकवा. डाग कुठे जास्त?
- पांढऱ्या डागावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कोणता वायू? (कार्बन डायऑक्साइड. डागात कॅल्शियम कार्बोनेट असतं.)
- घरच्या ताटीची किंमत दुकानात विचारा. ती एक हंगाम टिकली तर वर्षाचा खर्च किती, तीन हंगाम टिकली तर किती? व्हिनेगरचा खर्चही धरा.

तिसरा प्रश्न मुलांनी घरी नेला, की कूलर धुवायला मदतनीस आपोआप मिळतो. मात्र प्लग मोठ्यांनीच काढायचा!