विनोदी कथेतील गोंधळाचे वर्णन : काही भाषिक विचार

विनोदी कथेत गोंधळाचा प्रसंग रंगवावयाचा म्हणजे भाषाही गोंधळाची हवी, असा समज लेखकांत व विद्यार्थ्यांत बराच रूढ आहे. उद्गारचिन्हांची रेलचेल, धडाधड, खणखण असे ध्वन्यनुकारी शब्द आणि ‘एकच हलकल्लोळ उडाला’ यासारखी ठरीव वाक्ये ही या समजाचीच अपत्ये होत. परंतु अशा वर्णनाने वाचक क्वचितच हसतो. गोंधळ घटनांत असावा, वर्णनात असता कामा नये, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे; आणि त्याची कारणे मराठीच्या घडणीतच शोधावयाची आहेत.

गोंधळ सांगण्यासाठी मराठीत अभ्यस्त नामांचा मोठाच साठा आहे : पळापळ, धावाधाव, पडापड, झोंबाझोंबी. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत क्रियेची पुनरावृत्ती येते, पण कर्ता गळून पडतो. ‘पळापळ झाली’ या वाक्यात कोण पळाले, कोठून कोठे पळाले, याचा पत्ता लागत नाही. म्हणजेच हे शब्द चित्र उभे करीत नाहीत. पाहून झालेल्या चित्राचा गोषवारा देतात. हसू मात्र गोषवाऱ्याला येत नाही. ते विशिष्ट माणसाच्या विशिष्ट अडचणीला येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘लग्नाच्या पंगतीत वासरू शिरले आणि सर्वत्र धावाधाव झाली’ हे वाक्य निर्दोष आहे, पण निर्जीव आहे. आता पुढील रचना पाहावी : ‘वासरू मांडवात शिरून, रांगोळी तुडवून, थेट वरपित्याच्या पानाशी येऊन उभे राहिले. वरपित्याचा उजवा हात श्रीखंडाने भरलेला होता. त्याने डाव्या हाताने उपरणे सावरले व वधूपित्यास हाक मारली. वधूपिता तूप वाढीत होता. हाकेसरशी तो वळला, तोच तुपाची धार वासराच्या पाठीवर पडली.’ येथे एकही ध्वन्यनुकारी शब्द नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. तरीही कोण कोठे आहे, कोणाचा कोणता हात मोकळा आहे, हे वाचकास ठाऊक आहे. म्हणून पुढची आपत्ती त्याला लेखकाच्या आधी दिसू लागते. यानंतर ‘धावाधाव’ हा शब्द आला तरी चालेल, कारण आता त्यामागे माणसे उभी आहेत.

या उताऱ्यातील क्रियापदांची योजनाही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधिताचा कर्ता व मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असतो. त्यामुळे ‘शिरून, तुडवून, येऊन’ ही साखळी एकाच प्राण्याची अखंड चाल दाखविण्यास सोयीची पडते. परंतु गोंधळाचा गाभा दोन हेतूंच्या टकरीत असतो. तेथे कर्ता बदलतो, म्हणून साखळी तोडून स्वतंत्र वाक्ये करावी लागतात. ‘वाढीत होता’ हे अपूर्ण क्रियापद पार्श्वभूमी धरून ठेवते, ‘वळला’ हे पूर्ण क्रियापद तिला छेद देते आणि ‘तोच’ हे अव्यय दोन घटनांची गाठ घालते. ‘तोच’, ‘इतक्यात’ ही अव्यये वारंवार आली की मात्र त्यांची धार बोथट होते.

मराठीतील अनुभवी विनोदकारांनी हे तत्त्व निरनिराळ्या रीतींनी पाळले आहे. पालीचे पंडित असलेल्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी फजितीची हकीगत बहुधा चिमणरावाच्याच तोंडून सांगितली. चिमणराव आपली अडचण गंभीरपणे निवेदन करतो. हसण्याचे काम तो वाचकाकडे सोपवितो. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या ‘म्हैस’मध्ये एस. टी.च्या गाडीची म्हशीला धडक बसते आणि प्रवास थांबतो. गाडी आणि म्हैस हे दोन बिंदू जागच्या जागी राहतात. त्यांच्याभोवती प्रवासी, म्हशीचा मालक, पोलीस अशी माणसे जमत जातात; प्रत्येकाची बोली निराळी असल्यामुळे गर्दी वाढली तरी माणूस हरवत नाही. ‘म्हैस’चे पुलंनी प्रयोगही केले. त्यांत आवाजाने जे साधते, ते केवळ छापील पानावर शब्दयोजनेनेच साधावे लागते, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. कर्ता पुसून टाकणारी भाषा माणसांचा जमाव करते, आणि जमावाला हसण्यात तुच्छतेचा अंश सहज मिसळतो. श्रीखंडाने भरलेला हात वर धरून बसलेला वरपिता दिसला की हसणाऱ्यास स्वतःची अशीच एखादी फजिती आठवते. विनोदी कथेचे परीक्षण करताना म्हणूनच प्रथम एवढेच तपासावे : या गोंधळात माणसे मोजता येतात काय?