एटापल्लीच्या प्रेक्षकाचा निवाडा

चित्रपट पाहून बाहेर पडणारा सामान्य प्रेक्षक, ज्याला समीक्षक म्हणवून घेण्याची हौस नसते आणि ज्याने तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिलेले असतात, तो घरी, कामाच्या ठिकाणी किंवा बाजारात भेटणाऱ्यांना जी दोन-चार वाक्ये सांगतो, त्यांवर चित्रपटव्यवसायाचे मोठे अर्थकारण उभे असते. या प्रकाराला व्यवसायातले लोक तोंडी प्रसिद्धी म्हणतात. जाहिरात निर्माता विकत घेतो, ही प्रसिद्धी मात्र त्याला विकत घेता येत नाही, आणि म्हणून पहिल्या तीन दिवसांची गर्दी जाहिरातीची असली तरी दुसऱ्या आठवड्यातली गर्दी प्रेक्षकांच्या बोलण्याची असते, असे वितरक मानतात. 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे पहिल्या दिवसांतले स्वागत थंड होते आणि व्यवसायातल्या अनेकांनी तो पडला असे गृहीत धरले होते, पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला, तो पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना पाठवल्यामुळे. अलीकडचे उदाहरण ‘कांतारा’चे आहे. ऋषभ शेट्टी दिग्दर्शित हा कन्नड चित्रपट 30 सप्टेंबर 2022 रोजी आला आणि त्याची चर्चा इतकी पसरली की दोनच आठवड्यांत, 14 ऑक्टोबरला, त्याची हिंदी आवृत्ती प्रदर्शित करावी लागली.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे प्रेक्षकाजवळ चित्रपटगृह आहे आणि त्याचे मत तिकीटविक्रीच्या आकड्यात उतरते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात हे गृहीतक टिकत नाही. आलापल्लीहून जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने गाठावे लागणारे हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, तालुक्यातील बहुसंख्य लोक माडिया गोंड आहेत, आणि नवा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर गडचिरोली, चंद्रपूर किंवा प्राणहिता नदीपलीकडच्या तेलंगणातील गावांकडे वळावे लागते. प्रवास, मुक्काम आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब केला तर तिकीट हा त्यातला सर्वांत लहान खर्च ठरतो. तरीही चित्रपट येथे पोहोचतात. पूर्वी ग्रामीण महाराष्ट्रात जत्रांमधून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या टॉकीज आणि नंतर सणासुदीला भाड्याने आणलेले व्हिडिओ संच यांनी जे काम केले, ते काम दूरदर्शन, छत्रीच्या आकाराच्या अँटेना आणि मोबाइलचे मेमरी कार्ड यांनी पुढे चालवले. आपल्या फोनमध्ये पिक्चर भरून घेणारा आणि तो शेजाऱ्याला देणारा मनुष्य वितरकाच्या कोणत्याही हिशेबात नसतो. पण कोणता पिक्चर द्यावा आणि कोणता पुसून टाकावा, हे ठरवताना तो निवाडाच करत असतो.

या निवाड्यामागे एक जुनी तालीमही आहे, आणि तिचा विचार केल्याशिवाय या भागातील प्रेक्षक समजणार नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील झाडांनी व्यापलेल्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तेथील नाट्यपरंपरेला झाडीपट्टी रंगभूमी. तिचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे गाव असून नाट्यमंडळांची कार्यालये तेथे एकवटलेली आहेत. धान घरात आल्यानंतर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने नाटके लागतात; प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, ऑर्गनच्या साथीवर गाणी होतात, कथानकात लावणी आणि विनोदी प्रवेश हमखास असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा सशर्त मुभा मिळाली, तेव्हा पटाच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीवर बेतलेल्या या नाट्यव्यवहारातही त्याचे पडसाद उमटले. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, आणि तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या 2022 सालच्या चित्रपटाने हे जग मोठ्या पडद्यावर आणले.

झाडीपट्टीतील प्रेक्षकाचे वेगळेपण असे की तो प्रेक्षक असतोच, शिवाय आयोजकही असतो. गावातले मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवते, ठरलेली रक्कम कंपनीला देते आणि ती तिकिटांतून वसूल करते. नाटक पडले तर तोटा गावाचा होतो. त्यामुळे कोणत्या गावात कोणते नाटक रंगले, कोणाचा खलनायक प्रभावी होता, कोणत्या नाटकात बायका रडल्या आणि कोणत्यात मध्यरात्रीनंतर लोक उठून गेले, याची माहिती सोयऱ्याधायऱ्यांमार्फत आणि आठवडी बाजारांतून फिरत राहते आणि पुढच्या हंगामातली मागणी तिच्यावर ठरते. येथे मताला किंमत आहे, कारण मत देणाऱ्यालाच त्याचे परिणाम भोगावे लागतात. शहरी समीक्षकांनी या नाटकांना भडक आणि अतिरंजित म्हणून पुष्कळदा बाजूला सारले. परंतु पाच-सहा तास थंडीत बसलेल्या समुदायाला जागे ठेवण्याची कसोटी ही अभिनयाची, संवादफेकीची आणि कथानकाच्या बांधणीची खरी कसोटी आहे, आणि ती अनेक वर्षे पाहत आलेला माणूस चित्रपटाकडे वळतो तेव्हा तो कोऱ्या पाटीने येत नाही. मध्यंतरानंतर पिक्चर ढिला पडला, गाणे उगीच घातले, शेवट घाईत उरकला, अशी जी वाक्ये तो सहज बोलतो, ती रचनाविचाराचीच वाक्ये आहेत.

दुसरी तालीम जंगलाची आहे. हिंदी, तेलुगू आणि कन्नड चित्रपटांत गेल्या काही वर्षांत जंगल वारंवार आले, मात्र ते बहुधा जंगलाबाहेरच्या प्रेक्षकासाठी रंगवलेले असते. ‘कांतारा’त गावाची जमीन, वनखाते, जमीनदार आणि गावाचे रक्षण करणारे दैवत यांचा गुंता आहे. शहरातील प्रेक्षकाने त्यातील भूतकोला हा विधी, ज्यात दैवत माणसाच्या अंगात येऊन न्याय करते, एक नवलाची गोष्ट म्हणून पाहिला. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून जानेवारीत तेथे परिसरातील गावांची यात्रा भरते. तोच डोंगर लोहखनिजासाठी देशभर ओळखला जातो आणि तेथील उत्खननावरून दीर्घकाळ वाद झालेला आहे. ज्या लोकांच्या डोंगरावर देवही आहे आणि खाणही, त्यांना ‘कांतारा’तील संघर्ष समजावून सांगण्याची गरज नसते, आणि त्याची उकल पटली की नाही हे सांगण्याचा त्यांचा अधिकार इतर कोणत्याही प्रेक्षकापेक्षा मोठा आहे. कोकणातील दशावतारी कलावंताची आणि खाणीच्या संकटाची कथा सांगणारा सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ 2025 च्या सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा त्याची चर्चा कोकण, मुंबई आणि पुणे येथे भरपूर झाली. खनिजाच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या पूर्व विदर्भातील माणसाला त्यात काय दिसले असते, हे विचारावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

याहून मोठे उदाहरण ‘आरआरआर’चे आहे. एस. एस. राजामौली यांचा हा चित्रपट 25 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला, त्यातील गाण्याला 2023 साली ऑस्कर मिळाले, आणि त्याच्या दोन नायकांपैकी एक कोमुराम भीम हा निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेला गोंड नेता आहे. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात मारल्या गेलेल्या भीमाचा मुलूख प्राणहितेच्या पलीकडे आहे, त्याच्या नावाचा कोमुराम भीम आसिफाबाद जिल्हा गडचिरोलीच्या सीमेला लागून आहे, आणि नदीच्या दोन्ही तीरांवर गोंडांची वस्ती आहे. चित्रपट त्याची आणि दुसरा नायक असलेल्या अल्लुरी सीताराम राजूची मैत्री कल्पनेने रचतो. कल्पनेला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु शेवटी भीम आपल्या मित्राकडे अक्षरज्ञान मागतो आणि तो मित्र ‘जल, जंगल, जमीन’ ही अक्षरे लिहून देतो, हा प्रसंग तपासण्याजोगा आहे. ही घोषणा परंपरेने भीमाचीच मानली जाते, आणि त्याच्या चरित्रकथेत असे सांगितले जाते की तरुणपणी तो चंद्रपूरला आला आणि तेथील एका छापखानेवाल्याच्या आश्रयाने लिहायला-वाचायला शिकला. म्हणजे ज्या चांद्यात (चंद्रपुरात), चरित्रकथेनुसार, हा नायक साक्षर झाला, त्या चांद्याचे नाव जगभर गाजलेल्या चित्रपटात नाही आणि भीमाचे विचार दुसऱ्याच्या हातून आलेले दाखवले आहेत. काही समीक्षकांनी यावर टीका केली. पण गोंड प्रेक्षकाच्या मनात एकाच वेळी उमटू शकणारा अभिमान आणि खटका, आपला माणूस पडद्यावर इतका मोठा दिसल्याचा आनंद आणि तो दुसऱ्याचा शिष्य दाखवल्याची बोच, या मिश्र प्रतिसादाची नीट नोंद चर्चेत आढळत नाही.

अमित मसुरकर यांच्या ‘न्यूटन’मध्ये (2017) दंडकारण्यातील अवघ्या 76 मतदारांच्या केंद्रावर जाणाऱ्या निवडणूक पथकाची गोष्ट आहे. चित्रीकरण छत्तीसगडमधील दल्ली राजहरा या लोहखनिजाच्या परिसरात झाले आणि नाशिकच्या अंजली पाटील यांनी गोंडी जाणणाऱ्या स्थानिक शिक्षिकेची भूमिका केली. गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात आणि मतदान दुपारी तीनला संपवले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यासाठी या चित्रपटातील विनोद आणि भीती या दोन्हींची मोजमापे वेगळी असणार. समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (2014) तर शेजारच्या भामरागड तालुक्यातील हेमलकशाचा आहे. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांच्या भूमिका राज्यभर वाखाणल्या गेल्या. पण ज्या माडिया समाजात 1973 पासून आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, त्या समाजाचे चित्रण किती खरे उतरले, हे त्या समाजाकडूनच ऐकायला हवे होते.

येणाऱ्या चित्रपटांबद्दलची मते हा याच विषयाचा आणखी एक भाग. प्रदर्शनापूर्वी काही महिने दाखवली जाणारी दीड-दोन मिनिटांची झलक, म्हणजे टीझर किंवा ट्रेलर, आता एटापल्लीतही त्याच दिवशी फोनवर पोहोचते, आणि प्रेक्षकाचा पूर्वग्रह, चांगला किंवा वाईट, तिथेच तयार होतो. 2020 साली ‘आरआरआर’ची झलक आली, तेव्हा भीमाला मुस्लिम टोपी घातलेली पाहून तेलंगणातील आदिवासी गटांनी आक्षेप घेतला; पूर्ण चित्रपटात मात्र ते नायकाचे वेषांतर असल्याचे उलगडते. आक्षेप घाईचा होता असे म्हणता येईल, पण आपल्या पुढाऱ्याचे चित्र कोण आणि कसे रंगवतो याकडे समाज किती बारकाईने पाहतो, हेही त्यातून दिसले. झलक पाहून मत देणारा प्रेक्षक उथळ असतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. जे पाहायला शंभर किलोमीटर जावे लागणार आहे किंवा महिनोन्महिने थांबावे लागणार आहे, त्याची पारख आधीच करणे हा काटकसरीचा व्यवहार आहे.

चांगला प्रेक्षक घडवण्यासाठी देशात संस्थात्मक प्रयत्न झाले आहेत. 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, आणि 1974 पासून पुण्यात सतीश बहादूर यांच्या पुढाकाराने चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम चालू झाला. सदस्यांनी एकत्र चित्रपट पाहायचा आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलायचे, ही या चळवळीची पद्धत. तिचा लाभ मुख्यतः शहरांना झाला. वास्तविक एकत्र बसून बोलण्याची रीत गडचिरोलीत उसनी आणावी लागत नाही: माडिया गावांतील गोटुल हे तरुणांचे आणि गावकारभाराचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे, आणि याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमती यांच्या बळावर आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. जे गाव बांबूच्या हक्कावर रात्ररात्र चर्चा करू शकते, त्याला एका चित्रपटावर बोलणे जड नाही. अडचण पडद्याची आहे, आणि तिच्यावर उपाय उपलब्ध आहेत. हवेने फुगवता येणारे फिरते चित्रपटगृह 2021 साली लेहसारख्या उंच आणि दूरच्या ठिकाणी उभे राहिले, तर ते आलापल्ली-एटापल्लीच्या मैदानावर उभे राहायला भूगोलाची आडकाठी नाही.

म्हणून जंगलावर, आदिवासींवर किंवा या सीमाभागावर चित्रपट काढणाऱ्या निर्माता-दिग्दर्शकांना एक मागणी करणे योग्य ठरेल. चित्रपट महोत्सवाला पाठवण्याआधी त्याचा एक खेळ एटापल्लीत करावा, माडिया आणि मराठी दोन्ही जाणणारा दुभाषी सोबत ठेवावा, खेळ संपल्यावर लोक जे बोलतील ते लिहून घ्यावे, आणि पटले तर कात्री पुन्हा हातात घ्यावी.