अण्णांची कळ

तीर्थरूप अण्णांच्या हाताला कंप सुटला आणि माउस धरवेना. वर्तमानपत्र उघडायला रोज हाक मला! मी पडलो मराठीचा मास्तर; तरी नाशिक रोडच्या घरी बसून लिनक्सवर एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. ‘अल्ट’ आणि ‘सी’ एकदम दाबा, वर्तमानपत्र हजर. पडदा नि कळफलक सांभाळणाऱ्या एक्स-११ला (जन्म १९८७) त्याने ‘ही कळ माझी’ एवढेच बजावायचे. पण अण्णा लिहिणार इन्स्क्रिप्ट मराठीत. तेथे ‘सी’च्या जागी ‘म’! प्रोग्रॅम मुका. अक्षर सोडून कळीचा क्रमांक, ५४, धरला, बोलू लागला.

दोन दिवसांनी पुन्हा हाक. पाहतो तो नमलॉकचा दिवा लागलेला. एक्स-११च्या लेखी ती निराळीच जोडी! मग तीच जोडी चार तऱ्हांनी मागून घेतली : नुसती, नमलॉकसह, कॅप्सलॉकसह आणि दोन्हींसह.

आता सकाळी हाक येत नाही. मीच काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीत डोकावतो.