घराची निवड

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या मूलभूत गरजा होत. यांपैकी अन्न रुचले नाही, तर दुसऱ्या दिवशी वेगळे रांधता येते. वस्त्र आवडले नाही, तर ते विटल्यावर नवे घेता येते. घराचे मात्र तसे नाही. एकदा घर घेतले, की कित्येक वर्षे, क्वचित सारा जन्म, त्यात काढावा लागतो. यास्तव घर निवडताना सोय पाहावी की आवड, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो.

समजा, एक कुटुंब नव्या घराच्या शोधात आहे. आईवडील, दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आजी, अशी घरात पाच माणसे. फिरून फिरून अखेर दोन घरे त्यांच्या नजरेत भरली. पहिले घर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्या सज्जातून टेकडी दिसते, संध्याकाळी गार वारा येतो. परंतु वर जाण्यास जिन्याखेरीज दुसरे साधन नाही. दुसरे घर तळमजल्यावर आहे. शाळा, बाजार व दवाखाना तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. नळाला दोन्ही वेळा पाणी येते, स्वयंपाकघरात सकाळचे ऊन पडते. मात्र भिंतींचा रंग उडालेला आणि अंगण उघडेबोडके आहे. मुलांचे मन पहिल्या घरावर जडले. आजीही म्हणाली, “माझ्यासाठी अडून राहू नका रे. मी खाली उतरले नाही, म्हणून काय बिघडणार आहे?” अशा वेळी निर्णय कसा करावा?

येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. घराच्या गुणदोषांचे दोन भाग करावेत. घराची जागा, पाणी, उजेड, जिन्याच्या पायऱ्या, शाळेचे व कामाच्या ठिकाणाचे अंतर, पावसाळ्यात पाणी साचणारी सखल जमीन या गोष्टी मागाहून सहसा पालटता येत नाहीत. भिंतींचा रंग, पडदे, सामानाची मांडणी, दारापुढील झाडे या गोष्टी सावकाश, ऐपतीप्रमाणे पालटता येतात. ज्या पालटता येत नाहीत, त्यांत गरजेला अग्रमान द्यावा. ज्या पालटता येतात, त्या आवडीवर सोपवाव्यात.

महात्मा गांधींच्या आयुष्यातील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. १९१५ मध्ये त्यांनी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम स्थापन केला. १९१७ मध्ये त्या गावात प्लेगची साथ आली व आश्रमातील मुलांच्या जिवास धोका उत्पन्न झाला. नवी जागा शोधणे भाग पडले. शहर आणि खेडे या दोहोंपासून सुरक्षित अंतरावर, तरीही जाण्यायेण्यास फार दूर नाही, अशी जागा गांधीजींना हवी होती. साबरमती नदीच्या काठी ती मिळाली. तेथे इमारत नव्हती, झाड नव्हते. सापांचा मात्र सुळसुळाट होता. तरीही जागा पक्की झाली. आरंभी चाळीसांवर माणसे तंबूंत राहिली आणि पत्र्याच्या छपराखाली स्वयंपाक होऊ लागला. घरे मागाहून बांधता येतात, झाडे मागाहून लावता येतात; नदी मात्र मागाहून आणता येत नाही. या निवडीत आवडीलाही स्थान होते. तेथील एकांत गांधीजींना प्रिय वाटला. जवळच साबरमतीचा तुरुंग होता. सत्याग्रहींना केव्हा ना केव्हा तुरुंगात जावे लागणारच, असे मानणाऱ्या गांधीजींना हा शेजारही आवडला!

तेव्हा आवड म्हणजे केवळ चैन, असे समजणे योग्य नव्हे. सर्व सोयी आहेत, परंतु जेथे परतावेसे वाटत नाही, ते घर धर्मशाळेसारखेच होय. मात्र आपली आवड पारखून घ्यावी. पहिल्या भेटीत मन मोहून जाते आणि उणिवा दिसत नाहीत. म्हणून घर एकदाच पाहू नये. ते दुपारच्या उन्हात पाहावे, रात्री पाहावे, शक्य असल्यास भर पावसात पाहावे. शेजाऱ्यांना पाण्याविषयी विचारावे. इतके करूनही जी आवड टिकते, तीच खरी.

आता त्या कुटुंबाकडे पुन्हा पाहावे. टेकडीवर मुलांना कोणत्याही संध्याकाळी फिरावयास जाता येईल. तिसऱ्या मजल्यावरील जिना मात्र आजीसाठी कधीही ठेंगणा होणार नाही. वर गेलेली आजी वरच राहील. देवळात जाणे, मैत्रिणींशी बोलणे, नातवंडांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचविणे, सारेच तिला अंतरेल. ‘काय बिघडणार आहे?’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ते तिने सांगितले नाही, तरी इतरांनी ओळखावयास हवे.

तळमजल्यावरील भिंतींना नवा रंग देता येईल. अंगणात जाईचा वेल लावता येईल, आणि त्याला पाणी घालण्याचे काम मुले आनंदाने करतील. वेल मांडवावर चढेपर्यंत थोडा काळ जाईल खरा. परंतु फुले वेचण्यास आजी स्वतः अंगणात उतरू शकेल.