मिस्ड कॉलवर चालणारे वार्ताकेंद्र: सीजीनेट स्वरा

साध्या मोबाइलवरून बातमी सांगायची आणि त्याच मोबाइलवर ती ऐकायची, अशी सेवा छत्तीसगडमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाली. सीजीनेट स्वरा हे तिचे नाव. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ती उभारली. तांत्रिक बाजूला मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे बिल थीस यांचे साहाय्य होते.

अशा सेवेची गरज का पडली? तक्रार घेऊन राजधानीत येणाऱ्यांसाठी रायपुरात ठरलेली जागा होती ती बुढापाऱ्यातली. धरणास्थळ नवा रायपूरजवळच्या तूता गावी हलेपर्यंत राज्यभरातल्या संघटना बुढा तालाबाजवळ मंडप टाकून बसत. पण धरणे धरायला संघटना लागते, प्रवासखर्च लागतो आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. बस्तरमधले जगदलपूरच रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर. त्यापलीकडच्या पाड्यावरच्या माणसाने बिघडलेल्या हातपंपासाठी बुढापारा गाठणे केवळ अशक्य. शिवाय भाषेची अडचण. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते. आपल्या गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडेही हीच भाषा बोलली जाते. तरी तिच्यात छापील वृत्तपत्रे जवळजवळ नाहीत, आणि खासगी वा सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. उरला फोन.

फोनला मात्र पैसे पडतात. तीन-चार मिनिटे बोलणे २०१० मध्ये रोजंदारीवरच्या माणसाला परवडणारे नव्हते. यावरचा तोडगा भारतात घरोघरी आधीच रुळलेला होता: मिस्ड कॉल. तो फुकट का, याचे उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. नंबर फिरवताच आवाजाच्या आधी संकेतांची देवाणघेवाण होते. मोबाइल जवळच्या मनोऱ्याला विनंती पाठवतो, मनोरा ती स्विचिंग केंद्राकडे देतो, आणि एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाणारा संकेत आपल्यासोबत कॉल करणाऱ्याचा नंबरही नेतो. समोर घंटी वाजू लागते तेव्हा नंबर पोहोचलेला असतो. बिल मात्र ‘उचलला’ हा संकेत उलट आल्यावरच सुरू होते. म्हणजे न उचललेला कॉल हा दहा आकड्यांचा मोफत निरोप असतो. स्वराचे यंत्र येणारा कॉल घेत नाही, नंबर टिपते आणि स्वतः परत फोन लावते. खर्च संस्थेवर पडतो. दूरसंचार कंपन्यांनी हिशेबासाठी घातलेल्या नियमातली ही फट होती, आणि तिचा याहून चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

परत फोन लावणारे हे ‘यंत्र’ म्हणजे एक साधा संगणक. त्यावर ॲस्टरिस्क नावाचे मुक्त सॉफ्टवेअर चालते. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर याने १९९९ मध्ये ते लिहिले, कारण त्याच्या छोट्या कंपनीला ऑफिसचे टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणे परवडत नव्हते. पूर्वी एक्स्चेंजला कपाटभर रिले आणि सिलेक्टर लागत. ते काम इथे संगणकातला प्रोग्रॅम करतो. सुरुवातीला सर्व्हर बंगळुरूत होता. बस्तरमध्ये काही ठेवण्याची गरजच नव्हती.

श्रोत्याला सूचना ऐकू येते: निरोप नोंदवायचा तर १ दाबा, ऐकायचा तर २. प्रत्येक कळ दोन सुरांची जोडी असते. १ साठी ६९७ व १२०९ हर्ट्झ, २ साठी ६९७ व १३३६. गंमत अशी की मोबाइल हे सूर आवाजासोबत पाठवत नाही. आवाज कमी जागेत बसवणारा कोडेक ते विस्कटून टाकील, म्हणून हँडसेट फक्त ‘अमुक कळ दाबली’ असे कळवतो आणि सूर काढण्याचे काम कंपनीचे स्विच करते. स्थिर फोनच्या जाळ्यात एका संभाषणाला सेकंदाला ६४ हजार बिट्स लागतात. जीएसएमचा मूळ कोडेक ते १३ हजारांवर आणतो. टेलिफोनची पट्टीही ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच. बोलणे त्यात नीट समजते, पण स्वरावर गाणीही भरपूर येतात आणि ढोलाचा खालचा घुमारा या पट्टीत मावत नाही.

नोंदवलेला निरोप थेट प्रसारित होत नाही. संपादक तो ऐकतात, खातरजमा करतात आणि मग तो फोनवर व संकेतस्थळावर खुला होतो. तक्रारीच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगण्याची पद्धत पडली. मग दूरच्या शहरातले श्रोते त्या अधिकाऱ्याला फोन करून रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीबद्दल वा बंद हातपंपाबद्दल विचारतात. सेवेचा खरा जोर इथे आहे. सर्व्हर नुसता निरोप साठवतो. काम होते ते अधिकाऱ्याचा फोन वाजल्यावर.

जिथे मनोरा नाही तिथे हे सारे थांबते. बस्तरमध्ये माओवाद्यांनी अनेक मनोरे उडवले, आणि उभे असलेलेही वीज नसली की बंद पडतात. म्हणून पुढे ‘बुल्टू रेडिओ’ आला. निवडक निरोप एकत्र करून फाइल एका फोनवर उतरवायची आणि आठवडी बाजारात वा गावात ब्लूटूथने या हातातून त्या हातात द्यायची, अशी ती सोय. यात कंपनीचे जाळे मध्ये येत नाही आणि पैसेही लागत नाहीत. मात्र बातमी माणसाच्या चालीने पोहोचते.

२०१६ मध्ये जिओ आल्यानंतर बोलणे डेटाच्या पॅकसोबत फुकट मिळू लागले आणि मिस्ड कॉलची आर्थिक गरज बरीच ओसरली. जिथे स्मार्टफोन आणि चांगले नेटवर्क आहे तिथे आता व्हॉट्सॲप हेच काम करते. मात्र व्हॉट्सॲपवरच्या निरोपाची खातरजमा करणारा संपादक मध्ये नसतो. बटणांचा फोन वापरणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या गोंडी माणसाला बातमीदार करणारी रचना म्हणून स्वराची पद्धत आजही सरस ठरते.