डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे बिल

श्रोतेहो, डॉक्टर चिठ्ठी देतात, आपण ती औषधाच्या दुकानात देतो आणि पुडी घेऊन घराकडे वळतो. मधल्या चार-दोन मिनिटांत पलीकडचा माणूस त्या कागदात काय पाहतो, हे समजून घेतले तर दोन गोष्टी टळतील. चुकीचे औषध पोटात जाणार नाही, आणि विम्याचे पैसे अडकणार नाहीत.

चिठ्ठीवरचे औषध देणे हे दुकानातल्या कुणाही पोऱ्याचे काम नव्हे बरे का! १९४८ च्या फार्मसी कायद्याने ते नोंदणी झालेल्या फार्मासिस्टवर सोपवले आहे. तो आधी चिठ्ठीवर तारीख आणि डॉक्टरांची सही आहे का ते बघतो. मग रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, एकूण किती, हे वाचतो. अक्षर लागले नाही, तर अंदाजाने औषध द्यायचे नाही, डॉक्टरांना विचारायचे.

एवढी कटकट कशाला, असे कुणी म्हणेल. एकच उदाहरण घ्या. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातावर देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच कुणी रोज घेतली, तर जिवावर बेतते. चिठ्ठीतला एक शब्द नीट न वाचल्याचा हा परिणाम! म्हणून फार्मासिस्टने वय विचारले, दुसरी औषधे चालू आहेत का असे विचारले, तर रागावू नका. उलट तो गप्प राहिला, तर आपणच विचारा.

काही औषधांवर पहारा अधिक कडक असतो. काही जालीम अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहेत. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. यातले औषध विकले, की डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते. ती वही तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा “चिठ्ठी नाही, पण मागच्याच गोळ्या द्या” असा हट्ट धरू नये. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, असा नियम आहे.

आता विम्याकडे वळू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचाराचे पैसे सरकारी व्यवस्थेतून थेट रुग्णालयाला मिळतात. पण स्वतः घेतलेल्या विम्यात पुष्कळदा पैसे आधी आपण भरायचे आणि मग परत मागायचे, असे घडते. त्या वेळी विम्याच्या कचेरीतला माणूस चिठ्ठी आणि बिल शेजारी ठेवून पाहतो. नाव तेच आहे का? चिठ्ठीत दहा गोळ्या आणि बिलात तीस, असे तर नाही? बिलाची तारीख चिठ्ठीच्या आधीची कशी? बिलात दंतमंजन नि साबण तर शिरले नाहीत? म्हणजे दुकानात झाली तीच तपासणी इथे दुसऱ्यांदा होते. कागद जुळले तर दावा पुढे सरकतो. बिलच नसेल तर जुळवायचे काय?

म्हणून दुकान सोडण्यापूर्वी बिल मागून घ्या. त्यावर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे ना, ते पट्टीशी ताडून पाहा. मूळ कागद विमा कंपनीला धाडताना नक्कल घरी ठेवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात एखादे दिवशी गोळ्यांची रिकामी पट्टी आणून मुलांना नाव, बॅच नंबर नि मुदत वाचायला लावा. ज्या घरात आजी-आजोबांना अक्षर लागत नाही, तिथे ते मूलच उद्या चिठ्ठी वाचणार आहे.