दुखणे सोसू नका, सांगा

बंगळुरूचे नारायणा हृदयालय असो की जयदेव हृदयरोग संस्था, बायपासनंतर रुग्णाच्या उशाशी बसलेल्या घरच्यांना एक धास्ती हमखास वाटते, ‘दुखण्यावर मॉर्फिन देतात म्हणे! सवय लागली तर?’

या भीतीने काही रुग्ण कळ दाबून पडून राहतात; पण हा सोशिकपणा महागात पडतो. बायपासमध्ये सहसा छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने बांधतात. ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. दुखणे आटोक्यात असेल, तर छातीशी उशी धरून खोकता येते, चालता येते.

मॉर्फिन अफूपासून बनते, हे खरे. म्हणूनच १९८५च्या कायद्याने त्यावर कडक बंधने घातली. २०१४च्या दुरुस्तीने रुग्णांसाठी ती सैल केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस घेतल्यास सवय लागण्याची शक्यता कमी असते. पूर्वी कसले व्यसन असेल, तर मात्र ते डॉक्टरांपासून लपवू नका.

अशी गोळी घरी दिली असेल, तर ठरल्या मात्रेतच घ्या. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत मुळीच नको. शौचाला घट्ट होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नका. रुग्ण हाकेने जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि नर्सने ‘दुखतंय का?’ विचारले, तर संकोच न करता खरे उत्तर द्या.